घरापर्यंत फायबर : खर्च कशाचा आणि आधी कोणाच्या गल्लीत?

घरातल्या फायबर इंटरनेटची जाहिरात नेहमी वेगाची असते. १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस, १ जीबीपीएस. आमच्या वाचकांना मात्र वेगाच्या आधी दुसराच प्रश्न पडतो : शेजारच्या सोसायटीत आलेली ही केबल आमच्या वस्तीत कधी येणार, आणि ते ठरवतो कोण? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर कागदावर फारसे सापडत नाही. अमेरिकेतल्या दोन शहरांत मात्र ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरले. कॅन्सस सिटीत २०१२ साली गूगल कंपनीने आणि टेनेसी राज्यातल्या चॅटनूगात त्याच्या दोन वर्षे आधी शहराच्या मालकीच्या वीज मंडळाने घरोघरी १ जीबीपीएस फायबर देऊ केले. तंत्रज्ञान जवळपास सारखे, पण घरापर्यंत पोहोचण्याचा क्रम पूर्ण वेगळा. म्हणून ही दोन उदाहरणे आम्ही येथे तपशिलाने मांडतो आहोत. त्यांच्या आधारे शेवटी आपल्या भारतनेटकडेही पाहता येईल.

काच स्वस्त, खोदाई महाग

फायबर म्हणजे केसाइतका बारीक काचेचा धागा. त्यातून विजेऐवजी प्रकाशाच्या रूपात माहिती जाते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेत अंतर वाढले की वेग घसरतो; काचेतून वीस किलोमीटरवरच्या घरालाही चांगला वेग मिळू शकतो. घरोघरी जाणाऱ्या फायबरची सर्वात प्रचलित पद्धत जीपॉन या नावाने ओळखली जाते. एक्स्चेंजमधून निघालेला एक धागा वस्तीजवळ स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत फुटतो आणि ३२ किंवा ६४ घरांना जातो. या डबीला वीज लागत नाही. त्या एका धाग्याची घरांकडे येणारी क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. म्हणजे '१ जीबीपीएस'चे पॅकेज घेतलेल्या घरासाठी तेवढा वेग राखून ठेवलेला नसतो. बहुतेक घरे बहुतेक वेळ फार थोडे वापरतात म्हणून हा व्यवहार चालतो. पुढे वेग वाढवायचा तर दोन्ही टोकांची यंत्रे बदलायची; काच तीच राहते.

खर्च होतो तो रस्ता खोदण्यात, खांबांवर जागा मिळवण्यात, परवानग्यांत आणि मजुरीत. हा खर्च दोन टप्प्यांचा आहे. पहिला, घरासमोरून केबल नेण्याचा. दुसरा, त्या केबलपासून घराच्या आत जोडणी देण्याचा. दुसरा खर्च ग्राहक मिळाल्यावरच होतो. पहिला आधीच करावा लागतो, मग त्या गल्लीत एक घर ग्राहक होवो की पन्नास.

कॅन्सस सिटीच्या बाबतीत बर्नस्टीन रिसर्च या संस्थेच्या विश्लेषकांनी असा अंदाज मांडला होता की सुमारे १ लाख ४९ हजार घरांसमोरून केबल नेण्यासाठी ८ कोटी ४० लाख डॉलर लागतील. म्हणजे एका घरामागे साधारण ५६० डॉलर. आता शंभर घरांची गल्ली धरू. तिच्यातून केबल नेण्याचे झाले ५६,००० डॉलर. पन्नास घरांनी जोडणी घेतली तर प्रत्येक ग्राहकावर ११२० डॉलर पडतात. दहाच घरांनी घेतली तर ५६००. महिन्याचे बिल ७० डॉलर धरले तर पहिल्या गल्लीत ही रक्कम १६ महिन्यांत भरून येते, दुसऱ्या गल्लीत ८० महिन्यांत. जोडणीचा आणि रोजच्या कामकाजाचा खर्च तर यात धरलेलाच नाही. खासगी कंपनी कोणत्या गल्लीत आधी जाईल हे समजायला आणखी काही लागत नाही. यात कोणाच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नाही. नुसता गुणाकार-भागाकार पुरतो, आणि म्हणूनच तो जास्त काळजीने पाहायला हवा.

कॅन्सस सिटी : दहा डॉलरची नोंदणी

फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने जाहीर केले की प्रयोग म्हणून किमान ५० हजार लोकांना १ जीबीपीएसचे फायबर द्यायचे आहे, इच्छुक शहरांनी अर्ज करावेत. सुमारे ११०० शहरांनी अर्ज केले. टोपेका नावाच्या शहराने तर महिनाभर स्वतःचे नाव बदलून 'गूगल' ठेवले. हा सगळा प्रकार आज हास्यास्पद वाटतो, पण त्यातून एक गोष्ट कळते : केबल आणणारा एकच असला की शहरेच दारात रांग लावतात. त्या बदल्यात निवडलेल्या शहराने कंपनीला परवानग्या आणि इतर बाबतीत बरीच सवलत दिली.

मार्च २०११ मध्ये कॅन्सस राज्यातली कॅन्सस सिटी निवडली गेली आणि मे महिन्यात राज्याच्या सीमेपलीकडची, मिसूरी राज्यातली मोठी कॅन्सस सिटी तिला जोडली गेली. नाव एक, शहरे दोन. २६ जुलै २०१२ रोजी दर जाहीर झाले. १ जीबीपीएस इंटरनेट महिना ७० डॉलर, टीव्हीसह १२० डॉलर. तिसरा पर्याय गरिबांना डोळ्यांपुढे ठेवून होता : ५ एमबीपीएसचे इंटरनेट किमान सात वर्षे फुकट, फक्त जोडणीचे ३०० डॉलर एकदाच भरायचे, किंवा बारा महिने दरमहा २५ डॉलर. वरच्या दोन पॅकेजांना हे ३०० डॉलर कराराच्या अटीवर माफ होते. जो ७० भरू शकतो त्याला जोडणी फुकट आणि ज्याला मासिक बिल परवडत नाही त्याच्याकडून ३०० डॉलर, अशी ही मांडणी. वर्षाचा हिशोब केला तर फुकटवाला स्वस्तात पडतो हे खरे. पण हातावर पोट असलेल्या माणसाचा हिशोब वर्षाचा नसतो.

खरी मेख पुढे होती. गूगलने दोन्ही शहरांचे २०२ विभाग पाडले आणि त्यांना 'फायबरहूड' म्हटले. ज्या विभागातली ठरावीक टक्के घरे १० डॉलर भरून आधी नाव नोंदवतील तेथेच केबल जाणार. हे प्रमाण विभागानुसार ५ ते २५ टक्के होते. मुदत ९ सप्टेंबर २०१२, म्हणजे अवघे सहा आठवडे. पात्र झालेल्या विभागातल्या शाळा, वाचनालये आणि सामाजिक केंद्रे यांना १ जीबीपीएसची जोडणी मोफत मिळणार होती. अपात्र विभागातल्या शाळेला ती मिळणार नव्हती. म्हणजे मुलांच्या शाळेत इंटरनेट येणार की नाही, हे त्यांच्या पालकांकडे क्रेडिट कार्ड आहे की नाही यावर येऊन ठेपले.

क्रेडिट कार्ड असे मुद्दाम म्हणतो. नोंदणी ऑनलाइन होती. तिला ईमेल खाते लागे, क्रेडिट किंवा डेबिट कार्ड लागे. ज्याच्या घरी इंटरनेट नाही त्याने इंटरनेट हवे असल्याची नोंद इंटरनेटवर करायची! कंपनीनेच केलेल्या पाहणीत शहरातल्या सुमारे २५ टक्के लोकांच्या घरी ब्रॉडबँड नव्हते आणि १७ टक्के लोक इंटरनेट अजिबात वापरत नव्हते.

ट्रूस्ट अव्हेन्यूच्या पूर्वेला

मिसूरीकडच्या कॅन्सस सिटीत ट्रूस्ट अव्हेन्यू नावाचा उत्तर-दक्षिण जाणारा लांब रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेला प्रामुख्याने गोरी, सुस्थितीतली वस्ती आणि पूर्वेला काळ्यांची, गरीब वस्ती, अशी शहराची फाळणी विसाव्या शतकात होत गेली. जे. सी. निकोल्स या बड्या बांधकाम व्यावसायिकाने आपल्या वसाहतींच्या खरेदीखतांत काळ्या लोकांना घर विकायचे नाही अशा अटी घातल्या. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांच्या हद्दी याच रस्त्यावर आखून तो भेद चालू ठेवला. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

ऑगस्ट २०१२ मध्ये गूगलच्या संकेतस्थळावर नोंदणीचा नकाशा रोज अद्ययावत होत होता. पात्र झालेला विभाग हिरवा दिसायचा. काही आठवड्यांतच ट्रूस्टच्या पश्चिमेचे विभाग भराभर हिरवे झाले आणि पूर्वेचे मागे राहिले. कोणीही रेषा काढली नव्हती, तरी जुनीच रेषा नकाशावर उमटली. वर्तमानपत्रांनी ती छापली. त्यानंतर धावपळ सुरू झाली. शिक्षक, ग्रंथपाल, चर्चचे कार्यकर्ते दारोदार फिरले. काही गटांनी वर्गणी काढून शेजाऱ्यांचे १० डॉलर भरले. गूगलनेही आपली माणसे आणि आइस्क्रीमची गाडी या वस्त्यांत पाठवली. मुदत संपली तेव्हा २०२ पैकी १८० विभाग पात्र ठरले. मागे राहिलेले बहुतेक गरीब भागातले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये कॅन्ससच्या बाजूच्या हॅनोव्हर हाइट्स या विभागात पहिली घरे जोडली गेली.

१८० हा आकडा चांगलाच आहे आणि तो कार्यकर्त्यांच्या पायपिटीने आला, हे नोंदवायला हवे. पण पात्र होणे म्हणजे घरात जोडणी येणे नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने सहा गरीब वस्त्यांत घरोघर पाहणी करून घेतली. तेथे १० टक्के रहिवाशांकडे पैसे भरून घेतलेले फायबर होते आणि आणखी ५ टक्क्यांकडे फुकटचे. जवळच्या मध्यम आणि वरच्या उत्पन्नाच्या वस्त्यांत हेच आकडे ४२ आणि ११ होते. फुकटच्या पॅकेजचाही लाभ सुस्थितीतल्यांनी दुपटीने घेतला, ही यातली सर्वात बोलकी गोष्ट.

असे का झाले? एक मोठे कारण भाड्याच्या घराचे. गरीब वस्तीत बरेच लोक भाडेकरू. केबल आत घ्यायला घरमालकाची परवानगी लागते आणि ज्या घरात पुढच्या वर्षी आपण असू की नाही ठाऊक नाही, त्याच्यासाठी ३०० डॉलर कोण भरणार? भाडेकरू घर बदलतो, जोडणी भिंतीवरच राहते. अपार्टमेंटमध्ये तर हा जोडणीचा खर्च घरटी घरमालकावर होता आणि तो करण्यात त्याचा काही फायदा नव्हता. दुसरे कारण, अनेकांजवळ मोबाइल होताच आणि तेवढ्यावर भागते असे त्यांना वाटत होते. मोबाइलवर मुलाचा गृहपाठ कसा होतो हे आपण २०२० मध्ये आपल्याकडे पाहिले आहे.

२०१६ च्या वसंतात कॅन्सस सिटीतले फुकटचे पॅकेज नव्या ग्राहकांसाठी बंद झाले आणि त्याच्या जागी महिना ५० डॉलरचे १०० एमबीपीएस आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत कंपनीने काही सरकारी गृहवसाहतींना मोफत १ जीबीपीएस द्यायला सुरुवात केली होती. पहिली वसाहत शंभर घरांची, कॅन्सस सिटीतलीच. ऑक्टोबर २०१६ मध्ये गूगलने नव्या शहरांतला विस्तार थांबवला, प्रमुख अधिकारी पायउतार झाले. खोदाईचा खर्च वाचवण्यासाठी लुईव्हिल शहरात रस्त्यात जेमतेम दोन इंच खोल चर पाडून केबल टाकून पाहिली. वरचे भरण उखडून केबल उघडी पडू लागली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने तेथील सेवाच बंद केली आणि रस्ते दुरुस्तीसाठी शहराला ३८ लाख ४० हजार डॉलर दिले. म्हणजे जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीलाही खोदाईच्या खर्चाला बगल देता आली नाही.

चॅटनूगा : जेथे वीज, तेथे फायबर

चॅटनूगाचे वीज मंडळ, ईपीबी, १९३५ साली स्थापन झाले. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या धरणांची वीज घरोघरी पोहोचवणे हे त्याचे काम. येथे थोडे थांबून सांगायला हवे की हीच ऑथॉरिटी आपल्या दामोदर खोरे महामंडळासाठी नमुना होती, आणि त्या योजनेची पायाभरणी झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते.

ईपीबीला फायबर हवे होते ते आधी विजेसाठी. झाड पडून लाइन तुटली तर बिघाड नेमका ओळखून बाकीचा पुरवठा आपोआप वळवता यावा, म्हणून प्रत्येक मीटरपर्यंत संदेश जाणारी यंत्रणा उभारायची होती. त्यासाठी २००९ मध्ये केंद्र सरकारकडून ११ कोटी १५ लाख डॉलरचे अनुदान मिळाले, उरलेला पैसा रोखे काढून उभा केला. खांब मंडळाचे स्वतःचेच होते. कॅन्सस सिटीत खांबावर केबल नेमकी कोठे बांधायची यावरून महिने गेले होते, तो प्रश्नच येथे आला नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ईपीबीने सुमारे ६०० चौरस मैलांच्या आपल्या संपूर्ण क्षेत्रात १ जीबीपीएस देऊ केले. अमेरिकेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे प्रथमच घडले.

क्रमाचा प्रश्न येथे आपोआप सुटला. वीज मंडळ गरीब गल्लीला वीज नाकारू शकत नाही, आणि फायबर विजेच्या पाठोपाठ जाणार होते. कोणी नाव नोंदवले, कोणाकडे कार्ड आहे, हे पाहण्याचे कारणच नव्हते.

दराचा प्रश्न मात्र सुटला नाही. सुरुवातीला १ जीबीपीएसचा दर महिना ३५० डॉलर होता. २०१३ मध्ये तो सुमारे ७० वर आला. केबल दारावरून जात होती, तरी अनेक गरीब घरांत ती आत आली नाही. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा हे उघड झाले. जुलै २०२० मध्ये ईपीबी, जिल्ह्याच्या शाळा आणि इतर संस्थांनी मिळून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना १०० एमबीपीएसचे इंटरनेट दहा वर्षे मोफत देण्याची योजना आखली. ती लगेच राबवता आली, कारण पहिला, आणि महाग, टप्पा दहा वर्षांपूर्वीच झाला होता.

खासगी कंपन्यांनी ही वाट सुखासुखी सोडली नाही. ईपीबीविरुद्ध सुरुवातीलाच खटला झाला, तो टिकला नाही. पण टेनेसीचा कायदा या मंडळाला आपल्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट विकू देत नाही. २०१५ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने ही बंदी उठवली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे वीजक्षेत्राची हद्द संपते तेथे हे फायबरही संपते, पलीकडच्या गावाने कितीही मागणी केली तरी.

आपल्याकडे

भारतातल्या शहरांत हा खेळ कॅन्सस सिटीच्या वळणाने चालतो. जिओने ५ सप्टेंबर २०१९ रोजी घरगुती फायबर सुरू केले तेव्हा १०० एमबीपीएसला ६९९ रुपये आणि १ जीबीपीएसला ८४९९ रुपये दर होता, शिवाय सुरुवातीला २५०० रुपये, त्यातले १५०० परत मिळणारे. वर्षभरात ३० एमबीपीएस ३९९ रुपयांना आणि १ जीबीपीएस ३९९९ रुपयांना मिळू लागले. जीएसटी १८ टक्के वेगळा. जाहिरातीतला दर आणि बिल यांत हा फरक नेहमी धरावा. वेग इतका स्वस्त होऊनही तारेने जोडलेली ब्रॉडबँड कनेक्शने देशात चार कोटींच्या आसपासच आहेत, तर मोबाइलवरची नव्वद कोटींहून अधिक.

गावांसाठी सरकारी योजना आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट नाव मिळालेल्या या योजनेचे उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे होते. ग्रामपंचायतीपर्यंत, घरापर्यंत नव्हे. कार्यालयात पेटी आली, पण तेथून वस्तीपर्यंतची तार कोणाची जबाबदारी हे बराच काळ अधांतरी राहिले. पैसा येतो तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील सार्वत्रिक सेवा आकारातून, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. खर्च १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक आणि दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणीचे उद्दिष्ट. घरजोडणी स्थानिक उद्योजकांमार्फत, उत्पन्न वाटून घेण्याच्या तत्त्वावर. वाचकांनी या योजनेतला एक शब्द बारकाईने वाचावा. २ लाख ६४ हजार ग्रामपंचायतींना फायबर मिळणार आहे. पण ज्या गावांत ग्रामपंचायतीचे मुख्यालय नाही अशा सुमारे ३ लाख ८० हजार गावांना ते 'मागणीनुसार' मिळेल असे म्हटले आहे. ही मागणी कोणी करायची, ती कोठे नोंदवली जाते, किती घरांची असली म्हणजे पुरते, आणि गावातल्या एका आळीने मागणी केली तर केबल दुसऱ्या आळीतही जाणार की नाही, हे ग्रामसभेत लेखी विचारता येते. विचारणाऱ्याने इतिवृत्तात नोंद झाली की नाही हेही पाहावे, आणि नक्कल मागून घ्यावी.